‘यंत्रणा अपेक्षेप्रमाणे वागली नाही’: वितरित डेटाबेसचे बिघाड-अहवाल कसे वाचावेत

वितरित डेटाबेस हा विषय शिकताना तुम्ही व्याख्या पाठ करता, आकृत्या काढता, प्रयोगशाळेत तीन नोडचा क्लस्टर उभा करता. मोठी यंत्रणा बंद पडल्यावर संबंधित संस्था जे निवेदन किंवा अहवाल प्रसिद्ध करते, ते मात्र अभ्यासक्रमात कुठेच नसते. माझ्या मते ही मोठी उणीव आहे. पाठ्यपुस्तक यंत्रणा कशी चालते ते सांगते. ती बंद पडल्यावर माणसे तिच्याविषयी काय बोलतात, हे अहवालातच कळते, आणि नोकरीला लागल्यावर तुम्हाला वाचावे आणि लिहावे लागणारे लेखन हेच आहे.

या टिपणात आपण तीन घटनांवरचे लेखन टीकात्मक दृष्टीने पाहू. मुंबईतील राष्ट्रीय शेअर बाजार म्हणजे एनएसई २४ फेब्रुवारी २०२१ रोजी बंद पडला, ती पहिली घटना. गिटहबची ऑक्टोबर २०१८ मधली घटना दुसरी आणि फेसबुकची सप्टेंबर २०१० मधली तिसरी. तिन्हींत कुठे ना कुठे ‘कॉन्फिगरेशन’ हा शब्द किंवा त्या अर्थाची गोष्ट येते. प्रत्येक ठिकाणी आपण एकच विचारायचे: चूक नेमकी कुठे होती असे हे लेखन म्हणते, आणि ते आपल्याला पटते का?

माझे म्हणणे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे वाचताना तुम्हाला वाद घालता येईल. एकाच यंत्रावर चालणाऱ्या प्रोग्रॅमचे कॉन्फिगरेशन ही एक सूचना असते. वितरित यंत्रणेत मात्र त्यातल्या काही किमती म्हणजे करार असतात. आपापसातला संपर्क तुटला तर कोणी लिहीत राहायचे आणि कोणी थांबायचे, याचा तो करार असतो. ‘किंमत चुकीची होती, ती बदलली’ एवढ्यावर थांबणारा अहवाल त्या कराराबद्दल काहीच सांगत नाही.

मुन्शी घाटाचे उदाहरण

करार म्हणजे काय ते एका उदाहरणाने पाहू. काशीचा मुन्शी घाट एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्रीधर नारायण मुन्शी यांनी बांधला. ते नागपूरकर भोसल्यांच्या राज्यातले मंत्री. त्याच्या एका बाजूला दरभंगा घाट आहे आणि दुसऱ्या बाजूला अहिल्याबाई घाट. तिथून थोडे पुढे गेले की दशाश्वमेध. काशीला गेलेल्या घरांतल्या वडीलधाऱ्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक असते. तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वह्या असतात, आणि कोणत्या गावच्या, कोणत्या घराण्याच्या माणसाने कोणाकडे जायचे हे ठरलेले असते. डेटाबेसच्या भाषेत सांगायचे तर नोंदींचे विभाजन गाव आणि घराणे या किल्लीवर झालेले असते. सगळ्या वह्या एका जागी नसतात, तरी आपली वही कुठे सापडेल ते शोधता येते.

आता कल्पना करा की एका उपाध्याय घराण्याने आपल्या वहीच्या तीन प्रती ठेवल्या: एक मुन्शी घाटावर, एक अहिल्याबाई घाटावर आणि एक दशाश्वमेधावर. नवी नोंद आली की निरोप्या पायऱ्यांवरून शेजारच्या घाटावर जातो आणि तिथल्या प्रतीत तीच नोंद करून येतो. नियम असा की किमान दोन प्रतींत नोंद झाली तरच ती पक्की. वाचतानाही दोन प्रती पाहायच्या. तीनपैकी दोन आणि तीनपैकी दोन असे दोन गट घेतले तर त्यांत किमान एक प्रत सामाईक येतेच, म्हणून शेवटची पक्की नोंद नजरेतून सुटत नाही. तुमच्या पुस्तकात ज्याला कोरम म्हटले आहे ते एवढेच आहे. लेखनाचा आकडा आणि वाचनाचा आकडा यांची बेरीज एकूण प्रतींपेक्षा मोठी हवी.

पावसाळ्यात गंगा चढली की घाटांना जोडणारी काठाची वाट पाण्याखाली जाते. घाट जागेवर असतात, वरची घरे आणि देवळे जागेवर असतात, माणसेही असतात. तुटतो तो संपर्क. मुन्शी घाटावर बसलेल्या माणसाला शेजारून उत्तर आले नाही, तर त्याला दोन गोष्टींतला फरक सांगता येत नाही: शेजारची वही वाहून गेली, की फक्त वाट बंद झाली? वितरित यंत्रणेतली अर्धी दुखणी या एका अज्ञानातून जन्मतात. पुस्तकात ‘नेटवर्क पार्टिशन’ या शब्दाखाली ढगाचे चित्र आणि त्यावर फुली असते. त्या फुलीपेक्षा बुडालेली वाट जास्त नेमकी आहे, कारण दोन्हीकडची माणसे कामाला बसलेली आहेत हे ती दाखवते.

अशा दिवशी नागपूरचा यजमान मुन्शी घाटावर आला तर नोंद करायची की नाही? नियम पाळला तर ‘आज नोंद होणार नाही’ असे त्याला सांगून परत पाठवावे लागते. नियम मोडला तर नोंद होते, पण पाणी उतरल्यावर तीन वह्यांचा मेळ बसेल याची खात्री राहत नाही. दोन्हींतला एक मार्ग मुळातच बरोबर आणि दुसरा मुळातच चूक, असे नाही. निवड आधी, कोरड्या दिवसांत व्हायला हवी, आणि ती तिन्ही ठिकाणी सारखीच माहीत हवी. कॉन्फिगरेशनच्या फाइलमधला ‘२’ हा आकडा म्हणजे ती निवड.

याच उदाहरणात आणखी एक पायरी पुढे जाऊ. कामाचा व्याप वाढला म्हणून प्रती तीनच्या पाच केल्या, आणि ‘दोघांनी होकार दिला की पुरे’ हा जुना नियम तसाच राहिला. वाट तुटून एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला तीन प्रती राहिल्या तर दोन्ही बाजूंना आपलाच कारभार खरा वाटेल, कारण दोन्हीकडे दोघे आहेत. हे कल्पनेतले संकट नाही. इलॅस्टिकसर्चच्या जुन्या आवृत्त्यांत ‘मिनिमम मास्टर नोड्स’ नावाची किंमत चालवणाऱ्याने स्वतः भरायची असे. ती न भरल्यास १ धरली जाई. तीन नोडसाठी २ बरोबर, पाच नोडसाठी ३. नोड वाढवणाऱ्याने हा आकडाही वाढवायला हवा, हे त्याच्या लक्षात राहण्यावर सारे अवलंबून होते. एप्रिल २०१९ मध्ये आलेल्या ७.० आवृत्तीत ही किंमतच काढून टाकली आणि बहुमताचा हिशेब यंत्रणेकडे दिला. इतकी वर्षे ‘वापरणाऱ्याची चूक’ म्हणून नोंदली गेलेली गोष्ट शेवटी रचना बदलून सुटली, हे लक्षात ठेवा. ‘मानवी चूक’ असे लिहून थांबणारा अहवाल वाचताना ते उपयोगी पडेल.

बोलकी चूक आणि मुकी चूक

कॉन्फिगरेशनच्या चुकांवर २०११ मध्ये एक गाजलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. झुओनिंग यिन आणि सहकाऱ्यांनी एक व्यावसायिक साठवण यंत्रणा आणि चार मुक्त स्रोत प्रणाली यांतली ५४६ खरी प्रकरणे तपासली. त्यांना असे आढळले की ७० ते ८५ टक्के प्रकरणांत दोष एखाद्या पॅरामीटरला दिलेल्या किमतीत होता. त्यातला बराच भाग तर उघड नियमभंगाचा होता: चुकीचा प्रकार, चुकीचे स्वरूप, परस्परांशी न जुळणाऱ्या किमती. म्हणजे यंत्रणेने आधी तपासले असते तर त्या पकडता आल्या असत्या.

हा अभ्यास उपयुक्त आहे, पण त्यावरून वितरित डेटाबेसबद्दल अनुमान काढताना जपून राहा. कॅसँड्रामध्ये एका नोडला क्लस्टरचे नाव चुकीचे दिले तर जुने नाव आणि नवे नाव जुळत नाही म्हणून तो नोड सुरूच होत नाही. ही बोलकी चूक. दहा मिनिटांत सापडते. पाच नोडमधला तो ‘२’ बघा. त्याचा प्रकार बरोबर, स्वरूप बरोबर, फाइल तपासणाऱ्या कोणत्याही साधनाला त्यात खोट दिसणार नाही. प्रत्येक नोड स्वतःपुरता निर्दोष आहे. चूक आहे ती आकडा आणि नोडची संख्या यांच्या नात्यात, आणि वाट तुटेपर्यंत ती तोंड उघडत नाही. म्हणून ‘आमची यंत्रणा तीन वर्षे याच कॉन्फिगरेशनवर चालत होती’ हा बचाव मला कधीच पटलेला नाही. तीन वर्षांत वाट तुटली नव्हती, एवढेच त्यातून कळते.

मुंबई, २४ फेब्रुवारी २०२१

आता एनएसईकडे येऊ. त्या दिवशी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी बाजाराने सर्व विभागांतले व्यवहार थांबवले. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, महिन्याच्या वायदे-करारांची मुदत संपत होती, म्हणजे खुले सौदे भरपूर होते. नेहमीची बंद होण्याची वेळ दुपारी साडेतीनची. व्यवहार पुन्हा सुरू होणार की नाही हे दुपारपर्यंत स्पष्ट नव्हते. अनेक दलालांनी ग्राहकांचे त्याच दिवशी मिटवायचे सौदे शेजारच्या बीएसईवर, मिळेल त्या भावाने मिटवून टाकले. त्यानंतर एनएसईने जाहीर केले की पावणेचार ते पाच या वेळात बाजार चालेल. ज्यांचे सौदे आधीच मिटवले गेले होते त्यांना त्या वाढीव वेळाचा काहीच उपयोग नव्हता. डेटाबेसमधली सुसंगतता हा परीक्षेतला पाच गुणांचा प्रश्न वाटत असेल, तर हा दिवस आठवा.

एनएसईने सुरुवातीला सांगितले ते असे की दोन वेगवेगळ्या दूरसंचार कंपन्यांच्या जोडण्यांमध्ये बिघाड झाला आहे. पुढच्या निवेदनांत चित्र अधिक उलगडले. मुख्य केंद्र आणि त्याच्या जवळचे दुसरे केंद्र यांच्यात विदा सतत जुळती ठेवली जात होती. दोन्हींमधल्या जोडण्या अस्थिर झाल्या. रस्त्याच्या खोदकामाचाही उल्लेख निवेदनात होता. मुंबईत राहणाऱ्याला त्यात नवल वाटणार नाही. रचनेनुसार जोडणी तुटली तरी मुख्य केंद्रातली साठवण यंत्रणा, म्हणजे सॅन, चालूच राहायला हवी होती. ती अपेक्षेप्रमाणे वागली नाही आणि मुख्य केंद्रातल्याच सर्व्हरना विदा मिळेनाशी झाली. सौदे जुळवणारी यंत्रणा चालू होती, पण क्लिअरिंगची जोखीम-व्यवस्थापन यंत्रणा बसली. जोखीम न तपासता सौदे चालू ठेवणे अशक्य म्हणून बाजार थांबवला. मार्चमधल्या निवेदनात एनएसईने म्हटले की पुरवठादाराने बसवलेले फेलओव्हरचे तर्कशास्त्र बाजाराने सांगितलेल्या रचनेशी जुळणारे नव्हते.

बाजार थांबवला हे योग्यच झाले. मुन्शी घाटावरच्या माणसाने ‘आज नोंद होणार नाही’ म्हणण्यासारखेच ते आहे. माझा आक्षेप निवेदनाच्या मांडणीवर आहे.

कोणी म्हणेल की सॅन ही साठवण यंत्रणा आहे, डेटाबेस नव्हे. नावाचा फरक खरा, पण कोडे तेच. दोन केंद्रांत एकच विदा जुळती ठेवायची म्हणजे प्रत्येक लेखन दोन्हीकडे झाल्याशिवाय पूर्ण मानायचे नाही. वाट तुटली की दोन मार्ग राहतात: लेखन थांबवा, किंवा एका बाजूने एकट्याने पुढे जा. आणि दोन प्रतींत बहुमत होऊच शकत नाही. म्हणून अशा रचनेत तिसरा साक्षीदार ठेवतात, किंवा ‘वाट तुटली तर अमुक बाजू चालू राहील’ असे आधीच लिहून ठेवतात. ही फाइलमधली एखादी ओळ असेल, पण बाजार चालणार की थांबणार हे तीच ठरवते.

म्हणून ‘अपेक्षेप्रमाणे वागली नाही’ या अर्थाचे वाक्य वाचले की विचारायचे: अपेक्षा कोणाची, आणि ती कुठे लिहिलेली होती? यंत्रणा तिला सांगितलेल्या तर्काने चालली. सांगितलेले आणि अपेक्षिलेले यांत अंतर होते. पुरवठादाराचे तर्कशास्त्र मागणीशी जुळत नव्हते, हे अहवालातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे. पण मग ते जुळते आहे याची खातरजमा कोणी आणि कशी करायची होती, हा प्रश्न लगेच पुढे उभा राहतो. ती करण्याचा मार्ग एकच: सुट्टीच्या दिवशी जोडणी मुद्दाम तोडून पाहणे. जोडणी एकदम तुटणे आणि ती अस्थिर होणे, म्हणजे काही सेकंद येणे-जाणे, या दोन वेगळ्या चाचण्या आहेत. दुसरी जास्त अवघड असते आणि सहसा तीच राहून जाते. वाट कधी पाण्याखाली, कधी वर, अशा दिवशी निरोप्या निम्म्या वाटेत असतो.

दोन कंपन्यांच्या जोडण्या होत्या, या गोष्टीवरही पहिल्या निवेदनात भर होता. दोन कंपन्या म्हणजे दोन स्वतंत्र वाटा, हे गृहीतक तपासून घ्यावे लागते. बिले दोन येतात. केबल एकाच रस्त्याखालून जात असतील तर कुदळ एकच पुरते.

या प्रकरणातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा बदल मात्र साठवण यंत्रणेतला नाही. सेबीने मार्च २०२१ मध्ये बाजारांसाठी नियम कडक केले. महत्त्वाची यंत्रणा बंद पडली तर ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करायची आणि त्यानंतर ४५ मिनिटांत काम पूर्ववत करायचे, असे ठरवले. २४ फेब्रुवारीला चार तासांहून अधिक वेळ गेला. व्यवहार शेवटी मुख्य केंद्रातूनच सुरू झाले, दूरच्या पर्यायी केंद्राकडे वळवले गेले नाहीत. ‘थोडा वेळ थांबू, येईलच’ ही वाट पाहण्याची मुदत आधी माणसांच्या मनात होती, ती आकड्यात आली. एका अर्थाने तीही कॉन्फिगरेशनची किंमतच आहे, फक्त ती माणसांसाठी आहे. नियामकाने कराराची भाषा ओळखली, असे मी म्हणेन.

गिटहब: जसे सांगितले तसेच

आता शेजारी ठेवा गिटहबचा अहवाल. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर एक नादुरुस्त होत चाललेले प्रकाशीय उपकरण बदलताना जोडणी तुटली. ४३ सेकंदांत ती परत आली. पुढचे २४ तास ११ मिनिटे सेवा विस्कळीत राहिली.

४३ सेकंदांत झाले असे: मायएसक्यूएलच्या प्राथमिक नोडवर नजर ठेवणारे ऑर्केस्ट्रेटर नावाचे साधन राफ्ट पद्धतीने बहुमत घेते. पूर्व किनाऱ्यावरचे मुख्य केंद्र दिसेनासे होताच उरलेल्या सदस्यांचे बहुमत झाले आणि त्यांनी प्राथमिकपद पश्चिम किनाऱ्याकडे दिले. पण पूर्वेकडे काही लेखन आधीच झाले होते आणि ते पश्चिमेला पोहोचलेले नव्हते. जोडणी परत आल्यावर पश्चिमेकडे नवे लेखन सुरू झाले. आता दोन्हीकडे असे काही होते जे दुसरीकडे नव्हते. अहवालात एका व्यस्त क्लस्टरवरच्या अशा लेखनांचा आकडाही दिला आहे: ९५४. संख्या लहान आहे, पण ती टाकून देणे म्हणजे कोणाचे तरी काम पुसणे. सेवा लवकर सुरू करण्यापेक्षा विदा वाचवणे पसंत करून त्यांनी एक पूर्ण दिवस सोसला आणि तसे स्पष्ट लिहिले.

या अहवालातली माझी आवडती गोष्ट म्हणजे ऑर्केस्ट्रेटरला त्यांनी दोष दिला नाही. ते त्याला सांगितले होते तसेच वागले, असे त्यात मान्य केले आहे. आपले अनुप्रयोगच त्या बदललेल्या मांडणीत चालू शकत नव्हते. दुरुस्ती म्हणून प्रदेशाची सीमा ओलांडून प्राथमिकपद देऊ नये अशी मर्यादा घातली. ही किंमत बदलल्याने धोका संपला नाही, त्याची जागा बदलली. उद्या पूर्वेचे केंद्र खरोखरच गेले तर आपोआप काहीच होणार नाही. माणसाला उठून निर्णय घ्यावा लागेल. नव्या करारात हे कलम आहे, आणि मला ते पटते. तुम्हाला पटते का, ते ठरवा. एवढे नक्की की इथे वाचकाच्या हाती वाद घालण्याइतका तपशील आहे. एनएसईच्या निवेदनाशी तुलना करताना एक न्याय मात्र करायला हवा: गिटहबचे वाचक अभियंते होते, एनएसईचे वाचक गुंतवणूकदार आणि नियामक. तरीही वेळेनुसार घटनाक्रम आणि प्रत्येक टप्प्यावर कोणाला काय दिसत होते, एवढे गुंतवणूकदारालाही समजले असते.

फेसबुक: दुरुस्त करणाराच बिघडवतो

फेसबुकचे प्रकरण थोडक्यात आटोपतो, कारण ते समजायला सोपे आणि विसरायला अवघड आहे. २३ सप्टेंबर २०१० रोजी ते सुमारे अडीच तास बंद होते. त्यांच्याकडे चुकीच्या कॉन्फिगरेशन किमती आपोआप दुरुस्त करणारी यंत्रणा होती. कॅशमध्ये वेडीवाकडी किंमत दिसली की ती पुसायची आणि मूळ साठ्यातून बरोबर किंमत आणायची. त्या दिवशी मूळ साठ्यातलीच किंमत अशी बदलली गेली की ती अवैध मानली गेली. प्रत्येक क्लायंट ती दुरुस्त करायला डेटाबेसकडे धावला. सेकंदाला लाखो प्रश्न येऊन क्लस्टर गुदमरला. डेटाबेसकडून त्रुटी परत आली की क्लायंट तीही अवैध किंमत समजे आणि कॅशमधली नोंद पुन्हा पुसे. त्यामुळे मूळ किंमत सुधारल्यावरही गर्दी ओसरेना. शेवटी त्या क्लस्टरकडे जाणारी सगळी वाहतूक, म्हणजे संकेतस्थळच, बंद करावे लागले.

फेसबुकचा खुलासा छोटा आहे, पण त्यात प्रतिक्रियेचे चक्र स्पष्ट सांगितले आहे, आणि दुरुस्त करणारी यंत्रणा काही काळ बंद ठेवल्याचेही. ‘उत्तर आले नाही’ आणि ‘उत्तर चुकीचे आहे’ या दोन गोष्टी एकच मानल्याने हे झाले. मुन्शी घाटावरच्या माणसाची अडचणही तीच होती.

आकडा बदलला, विदा तशीच

तिन्ही लेखनांतून विद्यार्थ्यांच्या नजरेतून निसटते ती गोष्ट शेवटी घेतो: कॉन्फिगरेशन दुरुस्त करणे आणि डेटाबेस दुरुस्त होणे यांच्यामध्ये काळ जातो, आणि तो काळ सर्वांत धोक्याचा असतो.

कॅसँड्रा घ्या. एखाद्या कीस्पेसचा रेप्लिकेशन फॅक्टर चुकून १ राहिला होता. तुमच्या लक्षात आले, तुम्ही एका आज्ञेने तो ३ केला. आज्ञा क्षणात यशस्वी. पण बदलले ते फक्त वर्णन. जुन्या नोंदी अजून एकाच नोडवर आहेत. ज्या दोन नोडवर त्या असायला हव्यात असे आता ठरले आहे, तिथे त्या नाहीत. या वेळी कोरम पातळीवर वाचन केले आणि नेमक्या त्या दोन रिकाम्या नोडनी उत्तर दिले, तर दोघांचे एकमत होईल की अशी नोंदच नाही. म्हणजे फॅक्टर १ असताना दिसणारी नोंद ‘दुरुस्ती’नंतर दिसेनाशी होते. नोडटूलने पूर्ण रिपेअर चालवून प्रती खरोखर भरल्या जाईपर्यंत हे घडू शकते. म्हणून फॅक्टर टप्प्याटप्प्याने वाढवणे, किंवा रिपेअर पुरे होईपर्यंत सर्व प्रतींकडून वाचन करणे, असे मार्ग घ्यावे लागतात.

उलट बाजूचाही धोका आहे. कॅसँड्रात पुसलेल्या नोंदीच्या जागी एक खूण ठेवली जाते आणि ती खूण मुळात ८,६४,००० सेकंद, म्हणजे १० दिवस, जपली जाते. एखादा नोड त्याहून जास्त दिवस बाहेर राहिला आणि रिपेअर न करता परत आला, तर इतरांकडची खूण नाहीशी झालेली असते आणि त्याच्याकडची जुनी नोंद जिवंत असते. पुसलेले परत येते. इथे तर सर्व किमती बरोबर होत्या. त्या किमतीने मागितलेले काम, दहा दिवसांच्या आत रिपेअर, कोणी केले नाही. पुष्कळ संस्थांच्या तपासणी-यादीत ही किंमत असते आणि तिच्याबरोबरचे काम नसते.

तोंडी परीक्षेत ‘रेप्लिकेशन फॅक्टर कसा बदलाल?’ असे विचारले की विद्यार्थी आज्ञा अचूक सांगतात. ‘त्यानंतरच्या पहिल्या मिनिटात वाचन केले तर काय दिसेल?’ असे विचारले की वर्ग गप्प होतो. दोष विद्यार्थ्यांचा नाही. प्रयोगशाळेत तिन्ही नोड एकाच संगणकावर असतात, विदा दहा ओळींची असते, आणि वाट कधी बुडतच नाही.

सरावासाठी

एकाच संगणकावर तीन कंटेनरमध्ये कॅसँड्राचा क्लस्टर उभा करा. फॅक्टर १ ठेवून शंभर नोंदी भरा, मग तो ३ करा आणि रिपेअर न करता कोरम पातळीवर त्या शंभरही नोंदी वाचा. किती दिसल्या ते लिहून ठेवा, वाचन पुन्हा करा, आकडा बदलतो का पाहा. नंतर एका कंटेनरची जोडणी फायरवॉलच्या नियमाने पूर्ण तोडा; पुढच्या वेळी ती न तोडता दर पाच सेकंदांनी तोडा-जोडा करा, आणि दोन्ही वेळा इतर नोड त्या नोडबद्दल काय सांगतात ते वेळेसह टिपा.

जे दिसले त्यावर दोन पानांचा बिघाड-अहवाल लिहा. ‘अनपेक्षित’, ‘अचानक’ आणि ‘तांत्रिक कारणास्तव’ हे तीन शब्द त्यात वापरायचे नाहीत. कोणत्या क्षणी कोणत्या नोडला काय माहीत होते आणि काय माहीत नव्हते, हे प्रत्येक ओळीत यायला हवे. अहवाल शेजारच्या गटाला द्या. त्यांनी त्यातली कोणती किंमत कोणाच्या सांगण्यावरून ठेवली होती, एवढेच विचारावे.